उणे आठ अंशांचं पाणी

चहाचा ग्लास इंदरचंद आधी उजेडाकडे धरायचा. ढग दिसला की सायकल थांबवायचा. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीवरची धूळ झटकायचा. थर्मामीटर रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. आणि कुणाला घाई नसली तरी म्हणायचा, "थांब."

रिसोडजवळच्या बर्फाच्या कारखान्यात तो मिठाच्या गार पाण्याच्या हौदावर कामाला होता; मीही तिथंच होतो. त्याची आई अंगुरीबाई शिरपूरला असायच्या. बर्फात अगणित जीव असतात, असं त्या मानत. तो कारखान्यात लागला तेव्हापासून त्यांनी त्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

किराणा दुकानातल्या रद्दीत त्याला एक मासिक सापडलं. त्यात ध्रुवाकडच्या ढगांविषयी लेख होता.

"शून्याच्या खाली पंधरा-वीस अंशावर बी तिथं पानी पानीच राह्यते," तो मला म्हणाला. "हवेत धूळ नसते. थेंबाले गोठाले काई धरालेच सापडत नाई. मंग बर्फाचा एक कन तयार होते. तो वाढत जाते अन् बाजूचे थेंब विरत जाते. त्यायची वाफ त्याच्यावर जाऊन बसते."

"मंग तू हौदात ढग बनवून राह्यला का?"

"हासून घे."

कारखान्याचं पाणी बाटलीत भरून हौदात सोडलं की उणे तीनलाच गोठायचं. अंगुरीबाई पाणी दुहेरी फडक्यातून गाळत, मग उकळत. एकदा त्यानं ते नेलं. उणे आठवरही ते बाटलीत हलत होतं. त्यानं बूच काढून बर्फाचा बारीक खडा टाकला. बघता बघता बाटली पांढरी झाली. मी तिथंच उभा होतो. त्यानं वहीत ओळ लिहिली: तारीख, अंश, आणि खडा टाकल्यावर काय झालं ते.

सुटीच्या दिवशी त्यानं हे घरी सांगितलं. अंगुरीबाईंचा हात फडक्यावर थांबला.

"माह्या गाळलेल्या पान्याचा बर्फ केला तू?"

"नाई माय. तुह्याच पान्याचा लवकर होत नाई."

त्यांनी फडकं पिळून दांडीवर टाकलं. मग म्हणाल्या, "सोड ते काम."

"वीस बाटल्या होऊ दे. मंग सोडतो."

"वीस होऊ दे. मंग तुह्या हातचं पानी घेईन."

चौऱ्याहत्तरचा मे महिना. दुपारी अमोनिया वायूची नळी फुटली. सगळे बाहेर पळाले, तोही पळाला. दारात हौदावरच्या लखमानं धरलेला हात त्यानं सोडवला. "थांब," म्हणाला, "विसावी हाये." आणि आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी हौदाशी गेलो. बाटली दोऱ्याला तशीच होती. पाणी हलत होतं. मी तिला हात लावला नाही.

वही मी अंगुरीबाईंना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही.

"वीस झाल्या का रे?" त्यांनी विचारलं.

विसाव्या ओळीत त्याच्या अक्षरात तारीख आहे. उणे आठ आहे. पुढचा रकाना खडा टाकल्यानंतरचा. तो कोरा आहे.