मामांची सहा दाती बस

मामांपासून आपलं वय लपवू शकेल असा माणूस, जनावर किंवा वस्तू अख्ख्या जुन्नर तालुक्यात अजून जन्माला यायची आहे; आणि आलीच, तर ती कुठल्या साली आली हे मामाच सांगतील. मामा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. गाव डिंगोरे, नोकरी सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हरची, आणि खरा उद्योग म्हणाल तर दुसऱ्याचं साल काढण्याचा. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात लोक त्यांना हाताला धरून न्यायचे. मामा बैलाचा जबडा उघडायचे, आत एकदाच नजर टाकायचे आणि "दोन दाती", "चार दाती", "सहा दाती" असा निकाल द्यायचे. सगळे दात आले की बैल जुळला, म्हणजे पुरता वयात आला. मग विकणारा कितीही आणाभाका घेऊ दे, मामा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "तू कशाला बोलतोस? त्यो सांगतोय की," एवढं बैलाकडे बोट दाखवून म्हणायचे आणि चहाला जायचे.

हे बैलांपुरतं राहिलं असतं तर आत्याच्या डोक्याला निम्मा ताप झाला असता. पण मामांना कुणाच्या घरी पाणी दिलं की ते पाणी घटाघट पिऊन तांब्या उलटा करायचे आणि त्यावर कोरलेलं नाव वाचायचे. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख असतेच. निमगाव साव्याला एका घरी पोरीच्या लग्नाचा नवाकोरा रुखवत मांडला होता. मामांनी त्यातली एक घागर उचलून मोठ्यांदा वाचली. ती नवरीच्या चुलतीला तिच्या लग्नात आली होती, चौदा वर्षांपूर्वी. त्या घरात दोन जावांचं जे जुंपलं ते वऱ्हाड दारात येईपर्यंत मिटलं नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी स्थळ बघायला गेलो असताना मुलाकडचे म्हणाले, मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. मुलगा बिचारा हसला. तेवढ्यात मामांना काय दिसायचं ते दिसलं. "जुळून सा वर्सं झाली ह्याला," असं ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. लग्न मोडलं, आणि आत्यानं वर्षभर मामांना कुठल्या बैठकीला म्हणून नेलं नाही.

एवढ्या कडक माणसाचं स्वतःचं साल मात्र चुकलेलं होतं. मामा शाळेत गेले ते मुळात थोरल्या भावाच्या जागेवर. थोरल्याचं नाव गुरुजींनी पटावर घातलं होतं, पण तो दुसऱ्याच दिवशी खिडकीतून उडी मारून जो शेरडांमागं गेला तो परत म्हणून आला नाही. पट कमी होऊ नये म्हणून गुरुजींनी धाकट्याला उचलून आणलं, नाव खोडून नवं घातलं आणि जन्मतारीख तशीच राहू दिली. एक जून, वर्ष थोरल्याचं. एक जूनचं तर सोडाच. आमच्या भागात त्या तारखेला इतकी माणसं जन्मलेली आहेत की सुईणींना त्या दिवशी घोटभर पाणी प्यायला उसंत मिळाली नसणार. पण वर्ष चुकलं ते तीन वर्षांनी. त्यामुळे मामा कागदावर अठ्ठावन्नचे झाले आणि डेपोनं हार-नारळ देऊन घरी पाठवलं, तेव्हा ते खरे पंचावन्नचे होते. निरोपाच्या भाषणात मामा उभे राहून म्हणाले, "सायेब, मी अजून तीन वर्सं नवा हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसायला लागले. ओट्यासमोरून रस्ता जातो आणि पुढे वळण आहे. गाडी वळणाला आली की बसल्याजागी मामांचा उजवा पाय दाबला जायचा. त्यांना ते कळायचंही नाही. आत्या आतून म्हणायची, "दाबा, दाबा ब्रेक, ओटा निगालाय घाटात." माझ्याशी तर मामांचा खास दावा होता, कारण मी आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात एका शाळेवर मास्तर. "तुमी मास्तर लोकांनी अख्ख्या तालुक्याच्या पत्रिका नासवल्या," असं ते मला प्रत्येक भेटीत ऐकवायचे. मी हसायचो. हसण्यावारी नेण्याचं कारण असं की दर जूनमध्ये वाड्यांवरची पोरं दाखल करून घेताना मीही डोळे मिटून एक जूनच लिहीत होतो.

असं तीन वर्षं चाललं, आणि मग दोन हजार सालाच्या सुमारास आमच्या भागातल्या एका हायस्कुलानं गाडी शोधायला काढली. डोंगराकडच्या वाड्यांवरून पोरं दोन-दोन तास चालत यायची, आणि पोरी तर सातवीनंतर येईनाशाच व्हायच्या. शाळेचं म्हणणं, कुणी स्वतःची बस आणली तर पोरांची ने-आण त्याला देऊ. अटी दोन. गाडी पंधरा वर्षांच्या आतली पाहिजे आणि ड्रायव्हर साठीच्या आतला पाहिजे. मामांनी नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. त्यांचं तोंड असं उजळलेलं मी आत्याच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. "मी अठ्ठावनचा. बास झालं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मामा, लायसनवर एकसष्ट आहे." "ते माझं मी बगतो. आदी गाडी बगू."

गाडी मिळाली परजिल्ह्यात, एका बंद पडलेल्या कारखान्याची कामगारांची बस. मला बरोबर नेलं होतं ते इंग्रजी वाचायला. दलाल गाडीचे गुण गात होता आणि मामा गाडीखाली आडवे झाले होते. बाहेर आले, हात पुसले, गिअरबॉक्सचं झाकण उघडायला लावलं आणि आत बॅटरी मारून दात बघितले. खरोखरीचे दात, गिअरचे! मग बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "सा दाती. जुळायची हाय अजून. बारा वर्सांच्या वर एक दीस न्हाई." मी हळूच म्हटलं, "मामा, गाडीचं पुस्तक बघायचं का?" मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी मास्तरकी आठवली. "बैल घेताना पुस्तक बगत्यात का राव?" झालं. पुस्तक पिशवीत गेलं, गाडी डिंगोऱ्याला आली. आत्यानं चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीला म्हणाली, "ह्या वयात सवत आणली बया माझ्या उरावर."

पुस्तक पहिल्यांदा उघडलं ते परवान्याच्या कचेरीत, टेबलापलीकडच्या साहेबांनी. साहेब माणूस शांत होता. त्यांनी पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "गाडी चौऱ्याऐंशी सालची आहे. सोळा वर्षं झाली. शाळेला चालणार नाही."

"पुस्तक खोटं बोलतंय सायेब," मामा म्हणाले. "तुमी दात बगा."

"कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

मी मध्ये पडून खुलासा केला. साहेबांना हसू आवरेना, पण माणूस खरंच भला. त्यांनी सांगितलं, गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, नंबर ठोकलेला असतो. तो कंपनीला कळवा. कंपनीनं लिहून दिलं की गाडी अमुक साली बनली, तर आम्ही पुस्तक दुरुस्त करू. दाताबिताचं आम्हाला सांगू नका.

त्या नंबरावर गंजाचा हा थर चढला होता. मामांनी दोन दिवस रॉकेलच्या बोळ्यानं तो घासला, मग वर कागद धरून शिसपेन्सिल फिरवली, तसा एकेक आकडा कागदावर उमटला. एक ठसा पुरला असता, पण त्यांनी सात काढले. त्यातला एक आत्याला देवघरात ठेवायला लावला. मग मला समोर बसवून पत्र सांगायला लागले. पहिली ओळ, "मायबाप कंपनीस." मी म्हटलं, मामा, कंपनीला असं लिहीत नाहीत. तर म्हणाले, "का न्हाई? कंपनी म्हंजे तिची आयच की. लेकरू कवा जल्मलं ते आय न्हाई सांगनार तर कोन सांगनार?" मी इंग्रजीत 'महोदय' लिहिलं आणि मामांना वाचून दाखवताना 'मायबाप' म्हटलं. मास्तर असलो तरी एवढी अक्कल मला होती.

उत्तर यायला सगळा पावसाळा गेला. बस अंगणात उभी. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या. गावात लोक विचारायचे, "काय मामा, बैल बांधूनच ठिवला का?" मामा रोज गाडी सुरू करायचे, दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसायचे आणि उतरायचे. दात चुकले असतील का, असं त्यांनी मला एकदा विचारलं. असा प्रश्न त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

दसऱ्याच्या आधी पत्र आलं. गाडी अठ्ठ्याऐंशी सालची. बारा वर्षं! मामांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना दोन्ही बाजूंनी वाचलं आणि खिशात घातलं. कचेरीत साहेबांनी जुनी फाईल मागवून घेतली होती. पहिल्या नोंदणीच्या अर्जावर कुणीतरी घाईघाईनं इंग्रजीत साल लिहिलं होतं. त्यातला शेवटचा आठ वरून उघडाच राहिला होता. पुस्तक मराठीत भरणाऱ्या कारकुनानं तो मराठी चार समजून तसाच उतरवला.

"आठाचं डोस्कं उगडं राह्यलं आन् पोरीचं वय वाढलं," मामा म्हणाले. साहेब खळखळून हसले. त्यांनी लाल शाईनं साल दुरुस्त केलं, शिक्का मारला, सही केली. मामा ताठ उभे होते. डेपोतल्या फोटोत असत तसे.

"ड्रायव्हर कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच की!"

साहेबांनी लायसन बघितलं, मग अर्जाला जोडलेलं शाळेचं पत्र बघितलं. "शाळेनं साठीच्या आतला म्हटलंय. तुम्ही एकसष्टचे."

"त्यातबी तसंच झालंय सायेब. तीन वर्सं जास्त लागल्यात. गुरुजींनी भावाचं साल लावलं."

"असेल हो. खरंही असेल," साहेब म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, म्हणून जास्त लागलं. "पण मला कागद पाहिजे. गाडीचं कंपनीनं लिहून दिलं. तुमचं कोण लिहून देईल?"

मामांनी टोपी काढली, हातात धरली. मग म्हणाले, "माजी कंपनी बंद पडली सायेब. मी ड्रायव्हर झालो त्याच साली गेली."

साहेबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मला लगेच कळलं, कारण ते पत्र मी लिहिलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. साहेबांनी चहा मागवला. मामांनी तो मुकाट्यानं प्यायला आणि कप उलटा करून बघायचं विसरले.

कचेरीपासून डिंगोऱ्यापर्यंत गाडी त्या दिवशी मामांनीच आणली. वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही. सोमवारपासून बोरी बुद्रुकचा एक ड्रायव्हर ठेवला. पोरगा चांगला, एक जूनचाच, पण वय बसत होतं. मामा त्याच्या मागच्या सीटवर बसायला लागले. डोंगराकडच्या पोरी आठवीला आल्या, नववीला गेल्या, दहावी झाल्या, आणि मामा प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबत राहिले. पुढे गाडी खरोखरच जुळली, म्हातारी झाली आणि विकायला काढली. तेव्हा मी आत जाऊन बघितलं. त्या सीटखालची रबरी चटई टाचेच्या जागी फाटून खालचा पत्रा दिसत होता.

पण मला सांगायचंय ते त्या वर्षीच्या पुढच्या जूनचं. शाळेत एक बाई पोरीला घेऊन आली होती, वरच्या वाडीवरची. मी पटाचं पुस्तक ओढलं आणि नेहमीसारखं एक जून लिहायला पेन टेकवलं. एकही आकडा उमटेना. पेन बाजूला ठेवून मी विचारलं, "ही झाली कधी हो?"

"आमाला काय तारीक-बिरीक ठावं मास्तर," ती म्हणाली. "तुमीच लिवा कायतरी."

"तरी पण. शेतात काय होतं तेव्हा?"

ती विचारात पडली. भात निसवत होतं, म्हणाली. आदल्या दिवशी बैल रंगवले व्हते, भादव्याचा पोळा व्हता, आन् तिचा बाप बैलांपाशीच दारू पिऊन पडला व्हता. साल? थोरलीच्या पाठीवर दोन वर्सांनी, आन् थोरली धरणाच्या कामावर असताना झाली. मी जुनी पंचांगं काढली. बाहेर पोरं ओरडत होती, प्रार्थनेची घंटा होऊन गेली होती, हेडमास्तर दोनदा डोकावून गेले. अर्धा तास मी त्या बाईला एकेक गोष्ट विचारत बसलो. घाई कशाला करायची? कंपनी समोर उभी होती, आणि अजून चालू होती.