भाजल्या वांग्याइतकी हवा

साऱ्या खानदेशात वाळूचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा चुलत सासरा होता. हे विधान मी एकदा धुळ्यात केलं तेव्हा तिथल्या दोन मोटारवाल्यांनी हरकत घेतली होती. पण ते दोघेही आदल्याच आठवड्यात पांझरेच्या वाळूतून बैल लावून बाहेर निघालेले असल्यामुळे त्यांची हरकत मी विचारात घेतली नाही. या चुलत सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू. सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियर म्हणून नानांची तीस वर्षं गेली होती, आणि त्यांपैकी निम्म्या रात्री पिंपळनेरपासून रावेरपर्यंत कुठे ना कुठे तंबूत गेल्या होत्या. पेन्शन झाल्यावर पक्क्या छपराखाली त्यांना झोप येईना. रात्री पाहिलेलं छप्पर सकाळी पुन्हा तिथंच दिसतं, हे त्यांना कमीपणाचं वाटे. शेवटी त्यांनी जळगावच्या एका सुताराकडून मोटारीच्या दोन चाकांवर लाकडी खोली बांधून घेतली. तिला दोन खिडक्या होत्या, देवांसाठी फळी होती, कंदिलासाठी आकडा होता, आणि दोघांनी एकाच वेळी कूस बदलायचं कबूल केलं तर दोघांना पुरेल असा पलंग होता. ही खोली ते आपल्या तिसऱ्या हातच्या मोटारीला मागे जोडत. तिला ते ‘क्यांप’ म्हणत. गल्लीत तिला खुराडं म्हणत, पण नाना ऐकत असताना नव्हे.

नानांची केळीची बाग चोपड्याकडे होती आणि घर जळगावला. मधे तापी. उन्हाळ्यात नदीची धार पलीकडच्या काठाला सरकून घोट्याएवढी होई आणि अलीकडे नुसती वाळू पसरलेली असे. साधी मोटार तिथे रुतत असे. मागे खोली बांधलेली मोटार तर रुतायलाच हवी होती. पण नानांची मोटार नऊ वर्षांत एकदाही रुतली नाही, याचं कारण नाना वाळूच्या कडेला थांबून सहाही चाकांतली हवा कमी करत. टायर जरा बसला की तो वाळूवर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि आत घुसत नाही, हे तत्त्व ते भेटेल त्याला समजावून देत. समोरचा माणूस पायी चाललेला असला तरी देत.

हवा किती ठेवायची, हा खरा प्रश्न. त्यासाठी नानांनी मुंबईहून हवा मोजायची एक कांडी मागवली होती. ती मखमलीच्या पेटीत असे. नाना ती बाहेर काढत, चाकाला लावत, आकडा वाचत, मग अंगठ्याने टायर दाबून पाहत आणि कांडी चुकते आहे असं जाहीर करून ती पेटीत ठेवून देत. “कांडीला वाळू कुठे दिसते?” असं त्यांचं म्हणणं. त्यांचं स्वतःचं माप भरताच्या वांग्याचं होतं. खडीच्या रस्त्यावर टायर कच्च्या वांग्यासारखा हवा. मुरमावर, एका बाजूने शेकलेलं वांगं. आणि तापीच्या वाळूत, पुरतं भाजलेलं, पण देठ न सोडलेलं. हे माप चुकू नये म्हणून दर हिवाळ्यात ते स्वयंपाकघरात जाऊन भाजलेली वांगी दाबून येत. नानांची बायको, आमच्या काकू, भरताला वांगी भाजायला घेत तेव्हा त्यांतलं एक नेहमी जास्तीचं घेत, ते दाबायचं.

हवा सोडायची पद्धतही त्यांचीच. सगळं मोटारविश्व ज्याला भितं, तो बाभळीचा काटा नाना आपल्या टोपीत खोचून ठेवत. त्याच्या टोकाने व्हॉल्वची पिन दाबायची आणि तोंडाने पाढे म्हणायचे. पुढच्या चाकांना पावकी, मागच्यांना निमकी आणि क्यांपच्या चाकांना दिडकी, तीसुद्धा ओझं पाहून वीस किंवा तीसपर्यंत. चोपड्याच्या एका वकिलांनी हे दुरून पाहिलं आणि घरी जाऊन प्रयोग केला. त्यांचं पाढ्यांचं पाठांतर उत्तम होतं, त्यामुळे ते थांबलेच नाहीत. टायर रिमवरून उतरला. नाना त्यांना भेटायला गेले आणि गंभीरपणे म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही वांग्याचा पार कोळसा केलात.”

सोडलेली हवा पलीकडच्या काठाला पुन्हा भरावी लागे, कारण बसक्या टायरवर खडीचा रस्ता कापला तर टायर तापून मरतो. ती भरायचं काम पाहुण्यांचं. मी शाळामास्तर असल्याने मला मे महिन्याची सुटी असे, आणि बहिणीच्या सासरी जावयाचा नसला तरी भावाचा मान असे. तो मान मी दरवर्षी पंपाच्या दांड्यावर वर-खाली होत घेतला. मी चौथ्या चाकाशी पोचून धापा टाकू लागलो की काकू खिडकीतून म्हणत, “हवा सोडायची न हवा भरायची. माझा जन्म यातच गेला, आता तुमचा घालवा.” आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा घालून माझ्या हातात देत.

या सगळ्या थाटाला एकच प्रेक्षक होता. अलीकडच्या थडीवर, म्हणजे काठावर, एका मोठ्या करंजाखाली एक म्हातारे शेतकरी बैलजोडी घेऊन बसलेले असत. त्यांना सगळे आबा म्हणत. रुतलेल्या मोटारी ओढून काढणं हे आबांचं उन्हाळ्याचं काम. ओढलेल्या प्रत्येक मोटारीमागे ते पोळ्याला आपल्या जोडीच्या गळ्यात एक गोंडा चढवत. मामलेदारांची मोटार म्हणजे हिरवा गोंडा, डॉक्टरांची पिवळा, एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या तीन मोटारी म्हणजे एकाच रंगाचे तीन. पोळ्याच्या दिवशी आबांचे बैल गावातून निघाले की कोण कोण रुतलं होतं ते लोक लांबूनच वाचत. नानांच्या नावाचा गोंडा मात्र आबांच्या ट्रंकेत पडून होता.

“राम राम नाना,” आबा करंजाखालून हाक देत. “आज तरी फसशात का नही?”

“बघू,” नाना टोपीतला काटा काढत म्हणत.

“लाल गोंडा लई ठेयेल शे तुमना नावना. नऊ वरीस व्हयनात.”

“कसर लागेल. अधूनमधून ऊन दाखवत जा.”

मग नाना हवा सोडत. आबा उठून जवळ येत आणि मारेकऱ्याच्या चेहऱ्याने प्रत्येक टायर स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहत. मोटार एका चालीत, ना ब्रेक ना वळण, अशी वाळू कापत पलीकडे जाई, मागे क्यांप तिच्याच चाकोरीतून डुलत जाई, आणि आबा बैलांच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत उभे राहत. बैलाचा दोर ज्या दिवशी आपल्या मोटारीला लागेल त्या दिवसापासून टोपीत काटा ठेवणार नाही, असं नानांनी भर बाजारात सांगितलं होतं. हे आबांच्याही कानावर होतं.

लढाई लागली. पेट्रोल कुपनावर गेलं, नवे टायर दिसेनासे झाले, आणि नानांच्या बागेच्या फेऱ्या वर्षाला दोनवर आल्या. त्या वैशाखात आम्ही परत येत होतो तेव्हा करंजाखाली आबांनी राम राम घातला, पण ‘आज तरी’ म्हणाले नाहीत. जोडीतला डावा बैल बसूनच होता.

“म्हातारा थकना आते,” आबा म्हणाले. “औंदाना पोळा शेवटना त्याना.”

नानांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. टायर दाबून पाहावा तसा दाबून पाहिला. जळगाव येईपर्यंत काही बोलले नाहीत, हे मी सांगितलं तर नात्यात कुणाचा विश्वास बसत नाही.

ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, आम्ही पुन्हा चोपड्याला निघालो. वाळूच्या कडेला नाना उतरले. वाळू पायाने दाबून आले. कांडी काढली, वाचली, पेटीत ठेवली. सगळं नेहमीसारखं. मग ते टायरपाशी वाकले, आणि मला पाढे ऐकू आले नाहीत. थोड्या वेळाने ऐकू आला तो पंप. मी बघायला उतरलो तर नाना स्वतः, धोतराचा काचा मारून, पंपाच्या दांड्यावर वर-खाली होत होते. काटा टोपीतच होता.

“नाना, हवा भरताय?”

“बस आत,” ते म्हणाले.

मोटार पन्नास पावलंही गेली नाही. चाकं गरगरली, वाळू उडाली, मोटार पोटापर्यंत बसली आणि क्यांप मागे वाकडा होऊन थांबला. नानांनी हात जोडल्यासारखे स्टीयरिंगवर ठेवले. “अंदाज चुकला,” ते मोठ्याने म्हणाले, थडीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आबा जोडी घेऊन आले ते जवळजवळ धावतच. दोर खांद्यावर, चेहरा लग्नघरासारखा. पण नऊ वर्षांची सवय. दोर बांधण्याआधी त्यांनी वाकून पुढचा टायर अंगठ्याने दाबला. मग मागचा. मग उठले, आणि दोर हातात धरून उभेच राहिले.

“नाना,” ते म्हणाले, “वांगं कच्चं शे.”

नाना आकाशात ढग बघत होते. “असेल.”

“तुम्ही कच्चं ठेवत नही.”

आबांना असा मुद्दाम रुतून दिलेला गोंडा नको असेल, आणि ते जोडी घेऊन परत फिरले तर ते बरोबरच ठरेल, एवढं मलाही कळत होतं. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, “आबा, नऊ वर्षं यांनी मला या वाळूत थांबवलं, आता तुम्हीही थांबवा. डोकं तापलंय माझं. ओढा की!”

आबा हसले. “इंजिन बंद करा नाना. बठ्ठं आम्हीच काढसूत.”

इंजिन बंद झालं. दोर बांधला गेला. आबांनी हाळी दिली, बैलांनी माना खाली घालून जोर लावला, आणि म्हातारा बैल गुडघ्यांवर आला. हा विचार नानांनी केलेला नव्हता. कच्च्या वांग्याने मोटार किती खोल गाडली आहे, ते त्यांना आत्ता दिसलं. ते खाली उतरले, टोपीतला काटा काढला, आणि वाळूत बसून पुढच्या चाकाशी पावकी म्हणू लागले. आबा दुसऱ्या बाजूला अंगठा टायरवर ठेवून बसले. “जराशी सोडा, नाना. जराशी.” दिडकी त्यांनी दोघांनी मिळून म्हटली. आबांना ती पाठ होती. “बस. व्हयनं,” ते शेवटी म्हणाले, आणि उठून बैलांच्या पुढे गेले.

म्हातारा बैल थरथरत उभा राहिला, त्याने मान खाली घालून जोर लावला, आणि मोटार हलली. मग क्यांप. पाण्याच्या धारेपर्यंत जोडी थांबली नाही. मोटार बैलांनी काढली की हवेने, या प्रश्नावर मी पुढे नानांना छेडलं. ते म्हणाले, इंजिन बंद होतं, याची नोंद घे.

पोळ्याला आबांनी निरोप पाठवला म्हणून आम्ही थडीवर गेलो. तापी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि जिथे नानांचा अंदाज चुकला त्यावर कित्येक पुरुष खोल पाणी होतं. म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात सगळ्या गोंड्यांच्या मधे तो लाल गोंडा होता. नऊ वर्षं ट्रंकेत राहून रंग तसाच राहिला होता. काकूंनी बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणपोळी भरवली.

पुढच्या वर्षी बैल नव्हता. आबांनी गोंडा नानांना आणून दिला, आणि नानांनी तो क्यांपमधे कंदिलाच्या आकड्याला अडकवला. बाजारात सांगितल्याप्रमाणे टोपीत काटा ठेवणं त्यांनी बंद केलं होतं. वाळू आली की ते आता हाक मारून आबांना बोलावत. आबा करंजाखालून उठून येत, बरोबर आणलेला काटा पुढे करत आणि मग अंगठा टायरवर ठेवून पाढे ऐकत बसत.

क्यांपमधे सध्या माझ्या बहिणीच्या कोंबड्या असतात. गल्लीने म्हटलं होतं तसंच झालं म्हणायचं. परवा मी आत वाकून पाहिलं. आकडा आहे, गोंडा आहे. दोन्ही टायर पार बसलेत, जमिनीला टेकलेत. मी सवयीने अंगठा लावून पाहिला, आणि पंप शोधायला उठणार होतो, तेवढ्यात आठवलं की आता नदी ओलांडायची नाही.