नर्सबाईची लाल नळी

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या वस्तीत पार्बताला सगळे ‘जीपवाल्याची’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तिचा नवरा चंद्रभान इंगळे हिवताप खात्याचा ड्रायव्हर होता. कचेरीला तेव्हा शेड नव्हती, म्हणून जीप त्यांच्याच अंगणात, निंबाखाली उभी राहायची. रविवारी चंद्रभान जीपखाली शिरला की पार्बता नट खोलायचे पाने घेऊन बाजूला उकिडवी बसे. अर्ध्याचा पाना कोणता, नऊ-सोळाचा कोणता, हे तिला न वाचता कळे. तिसरीतून शाळा सुटली होती. पण हाताला एकदा कळलेली वस्तू ती विसरत नसे.

पार्बता जात्याच जळकी होती. लहानपणी भाऊ धर्मपाल शाळेत जायचा आणि ही धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात उभी राहायची, तेव्हापासून. त्याच्या पाटीवर ती गुपचूप थुंकून यायची. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वर्षी लग्न झालं, चंद्रभानसारखा न पिणारा, न मारणारा नवरा मिळाला, तरी ते जळणं गेलं नाही. फक्त काही वर्षं त्याला धरायला काही सापडलं नाही, इतकंच.

ते सापडलं बासष्टच्या पावसाळ्यात. चंद्रभानची ड्यूटी धारणीला लागली. सोमवारी डॉक्टरसाहेब आणि फवारणीचे डबे घेऊन निघायचं, परतवाड्यावरून मेळघाटात चढायचं, कोरकू आदिवासींच्या गावोगाव फिरायचं आणि गुरुवारी परत. पहिल्याच खेपेहून तो आला आणि हातपाय धुता धुता म्हणाला, “धारणीच्या दवाखान्यात एक नर्सबाई हायेत. कुंदाबाई. अकोल्याच्या. बामनाच्या हायेत, पन आपल्या घरच्या कपात मले चहा देला. त्याच कपात मंग सोता पेल्या.”

पार्बतानं भाकर तव्यावर उलटली. “बरं झालं,” ती म्हणाली.

कपाची गोष्ट तिला खरोखर चांगली वाटली होती. पण ती सांगताना त्याच्या तोंडावर जे आलं, ते तिनं पाहिलं होतं, आणि ते तिच्यासाठी कधी आलेलं नव्हतं.

मग कुंदाबाई दर गुरुवारी चंद्रभानच्या तोंडून घरी येऊ लागल्या. पाणी उकळून पीत जा, कुंदाबाई म्हणतात. नखं वाढवू नको, कुंदाबाई म्हणतात. पार्बता पाणी उकळू लागली नाही. उलट माठ दारात नेऊन ठेवला, धूळ बसली तरी.

धारणीच्या वाटेवर सिपना नदी आडवी येते. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीपुलावरून, पाणी वाहायचं आणि जीप पाण्यात बसल्यासारखी जायची. तीनदा पार केली आणि गाडीच्या मागच्या आसाचा गोळा, ज्यात चाकं फिरवणारे दाते तेलात बसतात तो, रडायला लागला. चंद्रभाननं एका रविवारी खालचा नट काढला, तर तेलाऐवजी मठ्ठा पडला, पांढरट, फेसाळ.

“हे काहून झालं?” पार्बतानं विचारलं.

त्यानं गोळ्याच्या वरची बोटभर टोपी दाखवली. “गाडी चालली का हा गोळा तापते. अंदरची हवा फुगते अन् या टोपीतून बाहीर निंगते. असा तापला गोळा नदीत बुडाला का गपकन थंडा होते. हवा आकसते. मंग बाहीरून काहीतरी ओढून घ्या लागते त्याले, अन् बाहीर तं पानीच पानी.”

“म्हंजे याचं नाक पान्यात बुडते.”

“बस्स. तेच. नाक वरते नेलं पाहिजे.”

पुढच्या गुरुवारी तो येताना खिशातून काहीतरी काढावं तसं हसू घेऊन आला. खिशात खरंच काहीतरी होतं. लांबच लांब लाल रबरी नळी, दवाखान्यात रोग्याला एनिमा देतात तसली, पण कोरी. जुन्या बाजारातल्या खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, त्यानं पितळेच्या दोन तोट्या करून घेतल्या. नळीचे दोन तुकडे केले, पुढच्या-मागच्या दोन्ही गोळ्यांच्या टोप्या काढून तिथं तोट्या बसवल्या, तोटीवर नळी चढवली, तारेनं आवळली. मागची नळी चौकटीला बांधत बांधत वर मागच्या सीटखाली नेली, पुढची इंजिनाच्या मागून बोनेटखाली. तोंडं दोन्हीकडे खाली वळवली, धूळ बसू नये म्हणून. पार्बता तार कापून देत होती.

“नळी कोनं देली?” तिनं विचारलं.

“कुंदाबाईनं. मी सांगतलं त्याहिले नाकाचं. तूच म्हनलं होतं ना, नाक बुडते म्हून? लय हासल्या. मंग उठून हे आनून देली.”

पार्बताच्या हातातली तार तिथंच राहिली. तिचा शब्द हा तिकडे घेऊन गेला होता. त्या दोघांनी मिळून तिच्या शब्दावर हसून घेतलं होतं, आणि त्याबद्दल तिच्या अंगणात ही लाल नळी आली होती.

रात्रंदिवस तिला ती दिसू लागली. भांडी घासताना मान वर केली की सीटखालून ते लाल टोक डोकावायचं. जीप त्यांच्या अंगणात, आणि जीपच्या पोटात त्या बाईची वस्तू. शेजारणींना वाटायचं, इंगळेबाई गाडीकडे काय कौतुकानं पाहते.

शेवटी एका रविवारी चंद्रभान समाजाच्या बैठकीला गेला, तेव्हा ती उठून धर्मपालकडे गेली. धर्मपालचं राजापेठेच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान होतं.

“ट्रकची काळी नळी असन तं दे,” ती म्हणाली.

“तुले काय करा लागते?”

“दे म्हनलं तं दे. विचारू नको.”

धर्मपालनं दोन तुकडे काढून दिले. एक पुढच्या गोळ्याला पुरेसा होता, दुसरा मागच्यासाठी जरा आखूड. “जीपसाठीच असन. मागची नळी लांब लागते,” तो म्हणाला. “दुसरी येऊ दे मुंबईहून, मंग घे.”

पण तिला थांबवत नव्हतं. साडीचा काचा मारून ती जीपखाली शिरली. तार सोडली, लाल नळ्या ओढून काढल्या आणि काळ्या चढवल्या. पुढची नीट बसली. मागची ताणून ताणून कशीबशी सीटखालच्या कडीपर्यंत पोचली. तिनं तार आवळली. लाल नळ्यांची गुंडाळी करून ती वस्तीमागच्या नाल्यात टाकून आली आणि आंघोळ केली. त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

चंद्रभानच्या ते लक्षात आलं नाही. सोमवारी पहाटेच तो निघाला.

गुरुवार आला, गेला. शुक्रवारी दुपारी डॉक्टरसाहेब स्वतः दारात आले. ते प्रवासी मोटारीनं परतले होते. सिपना ओलांडल्यावर जीपचा मागचा गोळा बसला, ते सांगू लागले. बैलं लावून गाडी कशीतरी धारणीला ओढली. पावसात भिजून चंद्रभानला ताप भरला. “काळजी करू नका. दवाखान्यातच ठेवला आहे. नर्सबाई बघताहेत त्याच्याकडे.”

ताप भरला हे पार्बतानं ऐकलं. पण पुढचं वाक्य तिच्या कानात जाऊन बसलं, आणि पहिल्याला जागाच उरली नाही.

शनिवारच्या मोटारीत ती होती. घाटात दोन बायका ओकत होत्या. पार्बता खिडकीची दांडी धरून समोर पाहत होती आणि मनात भांडत होती. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, सगळं ठरवत होती. बाई कशी असेल तेही ठरलेलं होतं: गोरी, नाजूक, केसात फूल.

धारणीच्या दवाखान्याच्या अंगणात जीप उभी होती. नवऱ्याकडे जाण्याआधी तिचे पाय तिकडे वळले. ती वाकली आणि तिनं खाली पाहिलं. मागच्या तोटीवर काही नव्हतं. काळी नळी टोकाला फाटून कडीला लोंबत होती. आस खड्ड्यात खाली गेला असणार, ताणलेली नळी निसटली असणार, आणि उघड्या तोटीनं सिपना पिऊन घेतली. कोणी सांगायची गरज नव्हती. ज्या दवाखान्याच्या नावानं ती जळत होती, तिथं नवऱ्याला तिनंच आणून निजवलं होतं.

ती तशीच वाकून उभी असताना मागून आवाज आला, “तुम्ही पार्बताबाई का?”

कुंदाबाई उंच होत्या, सावळ्या, तिशीच्या पुढच्या. तोंडावर देवीचे व्रण. सुंदर नव्हत्याच. त्यानं पार्बताला बरं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. बाई सुंदर असती तर त्या चेहऱ्यावर बोट ठेवता आलं असतं.

“ताप उतरलाय,” कुंदाबाई म्हणाल्या. “सकाळी पेज घेतली. या आत.”

पार्बता हलली नाही. आणि कुंदाबाईही हलल्या नाहीत. त्यांनी जीपखाली पाहिलं.

“मी दिलेली नळी का काढली?”

मोटारीत ठरवलेलं एकही वाक्य पार्बताला आठवेना. “तुमची होती म्हून,” ती म्हणाली.

कुंदाबाईंच्या हातात थर्मामीटर होतं. ते त्या झटकत राहिल्या, पारा केव्हाच उतरला होता तरी. “चार वर्षं झाली मला इथं,” त्या म्हणाल्या. “येणारा येतो, औषध घेतो आणि जातो. इंगळे बसतात थोडा वेळ. तुमच्याच गोष्टी सांगतात. बायको पाने देते, बायको असं म्हणाली, तसं म्हणाली. मला ऐकायला आवडायचं. आणि ऐकून झाल्यावर आवडायचं नाही.” मग म्हणाल्या, “नळी कोणालाही दिली असती, असं मी म्हणणार नाही. खोटं होईल.”

पार्बताला वाटलं होतं, बाई नाकारेल. मग ओरडता येईल. आता ओरडायला काही राहिलं नव्हतं.

चंद्रभान खाटेवर बसून होता, दाढी वाढलेली. तिला पाहून म्हणाला, “तू?”

“मी नाही तं कोन येन?”

“काळी नळी तुवा लावली होती?”

“हो.”

“लाल कुठी हाय?”

“नाल्यात.”

“पार्बते, रपट्यावर गाडी बंद पडली असती तं डॉक्टरसाहेब अन् मी दोघंबी वाहून गेलो असतो.”

“मले मालूम हाय,” ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला रडू आलं. त्यानं तिला जवळ घेतलं नाही, रागावलाही नाही. खाटेवर थोडा सरकला, ती बसेल इतका.

दुसऱ्या दिवशी तिनं गोळा धुतला. त्याच्यात अजून वाकायची ताकद नव्हती, तो ओट्यावर बसून सांगत होता. मठ्ठा झालेलं तेल काढलं, रॉकेलनं दोनदा खळबळून टाकलं, लाकडाच्या ट्रकवाल्याकडून आणलेलं तेल भरलं. आतले दाते थोडे खाल्ले गेले होते, पण अमरावतीपर्यंत जातील असं चंद्रभान म्हणाला. उरली नळी. फाटलेलं टोक कापल्यावर काळी नळी आणखीच तोकडी झाली होती.

जीपखाली उताणी पडलेल्या पार्बताला दवाखान्याच्या पायरीवरून येणाऱ्या पांढऱ्या चपला दिसल्या. चपला जीपजवळ थांबल्या. मग लाल नळीचं वेटोळं घेतलेला हात खाली आला.

“ही लांब आहे,” कुंदाबाई म्हणाल्या.

पार्बतानं थोडा वेळ ती तशीच धरू दिली. मग घेतली, बोटाला बोट लागू दिलं नाही. तोटीवर चढवली, आणि या वेळी तार आवळायच्या आधी ओट्याकडे ओरडून विचारलं, “कितीक ढिली ठेवू?”

“आस हातभर खाली गेला तरी तानली नाही पाहिजे,” चंद्रभान म्हणाला.

ती तशी ठेवली. वरून पुन्हा एकदा हात फिरवून पाहिली, मधल्या फिरत्या दांड्याला लागत नाही ना म्हणून. काम चोख झालं. पण आवळताना तारेचं टोक तिच्या तळहातात घुसलं, आणि औषध लावायला कुंदाबाई पुढे आल्या तेव्हा तिनं हात पदरात लपवला.

पुढच्या वर्षी कुंदाबाईंचे वडील आजारी पडले आणि त्यांनी अकोल्याला बदली मागून घेतली. चंद्रभानला अकोल्याहून औषधाचे डबे आणायचे होते, त्याच खेपेला त्यांची ट्रंक आणि वळकटी न्यायचं ठरलं. पार्बता म्हणाली, “मीबी येते.” आणि ती पुढच्या सीटवर बसली. कुंदाबाई मागे बसल्या, आपल्या ट्रंकेवर हात ठेवून. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत तिघं पिकापाण्याबद्दल बोलले. जुन्या शहरातल्या एका गल्लीत त्या उतरल्या. “बरं, इंगळे,” म्हणाल्या. पार्बताला म्हणाल्या, “पाणी उकळून पीत जा.”

येताना चंद्रभान बोलेना. मुर्तिजापूर गेलं तरी बोलेना. दोन्हीकडे कपाशी उभी होती. इतकं गप्प राहिलेलं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. ती बाळंतपणाला माहेरी जाऊन मूल गमावून परत आली, तेव्हाही तो बोलत होता, समजूत घालत होता. हे गप्प बसणं दुसऱ्या बाईसाठी होतं आणि ते तिला मिळालेल्या सगळ्या शब्दांपेक्षा मोठं वाटत होतं.

“वाईट वाटून राहिलं का तुमाले?” तिनं शेवटी विचारलं.

“वाटून राहिलं,” तो म्हणाला.

वर्षभर तिला जे खरं ऐकायचं होतं ते हेच होतं. ऐकलं, आणि चटका बसावा तसं झालं. बडनेऱ्याला रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत दोघं शेजारी बसून डबे मोजल्यासारखे पाहत राहिले. मग ती म्हणाली, “गाडी उद्या कचेरीत लवकर न्या लागन. आता जरा हाना.”

पुढं हिवताप खात्याच्या दुसऱ्या दोन जीपांच्या नळ्याही पार्बतानंच वर नेल्या. ड्रायव्हर लोक रविवारी अंगणात गाडी लावायचे आणि तिला वहिनी म्हणायचे. कुंदाबाईंचं नाव ती कधी काढत नसे. चंद्रभान अकोल्याला निघाला, की मात्र ती पाने तसेच टाकून उठायची, पायात चपला सरकवायची आणि काही न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसायची.