काळ्या रेतीच्या अकरा बाटल्या

गोदा शितपचा कागदावर विश्वास नव्हता. काजूची रोपं मिळतील म्हणून रत्नागिरीचा एक माणूस तिच्या नवऱ्याचा, महिपतचा, अंगठा घेऊन गेला होता. रोपं काही आली नाहीत, सड्यावरचा, वरच्या कातळमाळावरचा, जमिनीचा तुकडा मात्र गेला. मग महिपत मुंबईला कामाला लागला आणि मालगुंडच्या अलीकडच्या वाडीत, समुद्राला लागून उरलेलं शेत गोदा डोळ्यांत तेल घालून राखू लागली.

१९८६ च्या दिवाळीआधी पहिलीतल्या तुळसाच्या, तिच्या लेकीच्या, पिशवीत औषधाची बाटली निघाली. आत काळी रेती आणि वर चिकटवलेली चिठ्ठी. गोदाला वाचता येत नव्हतं. तिनं ती शेजारच्या केरूकडून वाचून घेतली. 'तुळसा महिपत शितप. शेताखालची रेती.'

गोदाला ते खटकलं. नाव ठीक, पण जागा कशाला लिहायची? चार वर्षांपूर्वी जीपमधून माणसं येऊन हीच रेती गोणीत भरून घेऊन गेली होती, ते केरूलाही आठवलं. ही चिठ्ठी तसल्या माणसांच्या हाती पडली तर उरलेलं शेतही जाईल, असं गोदाला वाटलं. शाळेतल्या विमलाबाई साताऱ्याकडच्या, येऊन जेमतेम चार महिने झालेले. तुळसाला विचारलं तर ती म्हणाली, बाईंकडे रेती खाणारा दगड आहे.

दुसऱ्या दिवशी गोदा कोयती घेऊन शाळेमागं लाकडं तोडायला गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली. बाईंच्या हातात बिघडलेल्या रेडिओतलं चुंबकाचं काळं, जड कडं होतं. कागदात गुंडाळून त्यांनी ते रेतीवरून फिरवलं, तशी रेतीचे काळे केस त्याला उभे राहिले. पांढरी रेती खालीच राहिली. ओढतो कोण, असं एका पोरीनं विचारलं. बाईंनी पोरांना अंगणात सोडलं नि हव्या त्या दिशेला तोंड करून उभं राहायला सांगितलं. लोखंडाच्या आतही असेच बारीक बारीक चुंबक असतात, म्हणाल्या, पण प्रत्येकाचं तोंड भलतीकडे, म्हणून कुणाचा जोर कुणाला मिळत नाही. मग प्रार्थनेसारखी सगळ्यांची तोंडं एका बाजूला करवली. आता सगळ्यांचा जोर एकाच अंगाला. चुंबकात असंच होतं. म्हणूनच त्याची दोन टोकं असतात, एकसारखी टोकं समोर आली की एकमेकांना ढकलतात.

गोदाला ते पटलं. पटलं म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. इतकं नीट सांगणारी बाई कुणालाही काहीही पटवू शकली असती.

पोरं आत परतली तशी ती सरळ वर्गात शिरली. बाईंनी न रागावता कडं तिच्यापुढं धरलं. गोदानं कोयती जवळ नेली आणि तिचा हात ओढला गेला. तिनं कोयती हिसकून काढली, पदरानं पुसली आणि फळीवरच्या बाटल्या मोजल्या. पोरं अकरा होती, म्हणजे बाटल्याही अकरा हव्यात. तुळसाची घरी होती ती धरूनही बाटल्या दहाच भरल्या.

"अकरावी कुठं हाय, बाई?"

विमलाबाईंनी कडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या भावाकडं पाठवली. तो कॉलेजात शिकवतो. रेतीत काय काय आहे ते त्याला बघायचं होतं."

"कुणाच्या शेताखालची?"

"भिवाच्या."

"भिवाच्या आयशीला इचारलं व्हतं?"

विचारलं नव्हतं. बाई तसं स्पष्ट बोलल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. गोदानं पुढं वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, की दहा बाटल्या आज परत समुद्राकाठी जातील आणि अकरावी दिवाळीच्या सुट्टीनंतर. दुपारी बाई स्वतः पोरांना घेऊन काठावर आल्या. जिथली रेती तिथं ओतेपर्यंत गोदा मागं उभी होती.

सुट्टी संपवून बाई आल्या त्या बाटली घेऊनच. ती अर्धीच भरलेली होती. भावानं काही रेती भट्टीत तापवून पाहिली होती म्हणे. भिवाच्या आईनं हसून सोडून दिलं. गोदानं सोडलं नाही, पण तुळसाला शाळेतून काढलंही नाही. उलट पुढच्या वर्षी चुंबकाच्या धड्याला ती दाराशी येऊन बसली. बाईंनी तिला आत बोलावलं, तर इथंच बरं, म्हणाली. त्या वर्षी बाटल्यांवर फक्त नावं होती.

विमलाबाईंची बदली होईपर्यंत वाडीत एकही जीप आली नाही. केरू म्हणाला, उगाच घाबरलीस. त्यावर गोदानं बोलणं पावसाकडं वळवलं.