हवालदारांची मधली पदं

अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकही टप्पा न गाळता आयुष्य काढणारा माणूस एकच, आणि तो आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार साताऱ्यात गल्लीगणिक सापडतील, पण आमच्या हवालदारांची तऱ्हाच निराळी. त्यांना पोस्ट कुठे आहे असं विचारलं, तर 'चौकात' एवढं सांगून ते मोकळे होत नाहीत. "पयलं आपल्या फाटकातनं भायेर पडा," इथून सुरुवात करतात आणि वाटेतलं प्रत्येक दुकान दाखवत तुम्हाला चौकात नेतात. वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावरची निविदांची जाहिरात वाचून संपल्याशिवाय तिसरं पान उलटत नाहीत, मग त्या पानावर त्यांच्या माण तालुक्याची केवढीही मोठी बातमी का असेना. एकदा वीज गेल्यामुळे मालिकेचा एक भाग बुडाला, तर त्यांनी ती मालिकाच सोडली. मी म्हटलं, "अहो, मी सांगते ना काय झालं ते." तर म्हणाले, "तुमी सांगाल, पर मी बघितलं न्हाई ते न्हाईच की."

घरात ते, त्यांची मुलगी आणि नात ऋतुजा. मी वरच्या मजल्यावर राहते. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, आणि आता सुखाने झोपा काढाव्यात म्हणत होते, तोवर हवालदार वही घेऊन दारात उभे राहिले. लहानपणी मेंढरांमागे जावं लागलं म्हणून यांची शाळा आठवीत सुटली होती. नातीबरोबर बाहेरून दहावी केली, आणि आता मुक्त विद्यालयातून बारावी चालली होती. बारावीनंतर ऋतुजा इंजिनिअरिंगला सांगलीला जाणार हे ठरल्यातच जमा होतं. "दोघांचा निकाल एकाच साली, एकाच घरात लागाय पायजे, बाई," हवालदार म्हणाले. "फुडच्या साली पोरगी घरात नसनार." बाकीच्या विषयांची त्यांना धास्ती नव्हती. गाडी अडली होती गणितात, आणि गणितात भूमिती श्रेढीत.

खरं तर श्रेढी त्यांना फार आवडली. तीन, सहा, बारा, चोवीस. मागच्या पदाला दोनाने गुणा, पुढचं पद हजर. "आवं, ही तर मेंढरांची चाल हाय!" म्हणाले. "म्होरल्याला बघून मागलं चालतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाकडची घोंगडी पार्किंगमध्ये अंथरली आणि घड्या घालत मोठ्याने पदर मोजायला लागले. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. चौसष्टची घडी काही केल्या बसेना, तेव्हा वॉचमनला तिच्यावर बसवलं. मी गॅलरीतून बघत होते. इतक्या आनंदाने गणित करणारा विद्यार्थी चौतीस वर्षांत माझ्या वाट्याला आला नव्हता, हे मी प्रांजळपणे कबूल करते.

भांडण लागलं ते थेट सूत्रावरून. मी सांगितलं, आता एकेक पद काढत बसायचं नाही. पहिलं पद घ्यायचं, हवं त्या पदाच्या क्रमांकातून एक वजा करायचा, आणि तितक्या वेळा गुणोत्तराने गुणायचं. दहावं पद पाहिजे? तीनाला दोनाने नऊ वेळा गुणा, एक हजार पाचशे छत्तीस, झालं. हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा खिसा कापला.

"आन् मधली आठ कुठं गेली?"

"ती असतातच. पण आपल्याला नकोत."

"त्यांना बघितल्याबिगर मी धाव्याला वळखू कसा, बाई?"

आणि हे नुसतं बोलून थांबले नाहीत. सराव परीक्षेत दोन, सहा, अठरा या श्रेढीचं पंधरावं पद विचारलं, तर पठ्ठ्याने पंधराच्या पंधरा पदं शिस्तीत मांडली. अकराव्या पदाला हातचा चुकला, पुढची चार पदं त्याच्यामागून खड्ड्यात गेली, आणि वेळ संपल्यामुळे अर्धा पेपर कोरा राहिला. असं एकदा नाही, तीनदा झालं. ऋतुजा शेजारी बसून एका ओळीत उत्तर काढायची आणि आजोबांच्या वहीकडे काळजीने बघायची.

गंमत अशी की सूत्र त्यांना कळलं नव्हतं असं मुळीच नाही. त्यातला तो 'एक वजा' माझ्या कित्येक हुशार विद्यार्थ्यांना आयुष्यभर छळत आला आहे. हवालदारांनी तो मलाच समजावून दिला. "बाई, सोमवारी गेलेला मानूस सोमवारीच माघारी येतोय, तरी आपन आठ दिसांनी आला म्हनतो. वारांची नावं घ्या, आठ भरतील. पर मधी उड्या किती? सातच! पदं आठ, गुनाकार सात." मी खडू खाली ठेवला. इतकं सोपं मला कधीच सांगता आलं नव्हतं.

मग इतकं कळणारा माणूस अडून का बसतो? परीक्षा दहा दिवसांवर आली तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "हवालदार, या हट्टापायी तुम्ही नापास होणार. पोरगी पास होऊन जाईल, आणि तुम्ही बसा मधली पदं मोजत!"

त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली. मग खालमानेनेच म्हणाले, "माझी पोरगी जलमली तवा मी काश्मिरात हुतो. पयल्यांदा बघितली तवा रांगत हुती. फुडच्या सुट्टीला आलो, तर आईच्या मागं लपून इचारती, ह्यो मानूस कोन? मग एकदम शाळा. मग एकदम लगीन. माझी पोरगी मला थेट सूत्रानंच मिळाली, बाई. मधलं कायबी बघितलं न्हाई. म्हनून नातीचं एकबी सोडलं न्हाई मी."

मला भरून आलं. रागावल्याची लाजही वाटली. मी चहा टाकायला उठले, आणि परत आले तर त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर सूत्र दहा वेळा लिहून काढलं होतं.

परीक्षेत पाच, पंधरा, पंचेचाळीसचं आठवं पद आलं. बाहेर आल्यावर त्यांनी उत्तर सांगितलं, दहा हजार नऊशे पस्तीस. अगदी बरोबर. "एका वळीत आलं," म्हणाले. "पर लय ओकंबोकं वाटलं." निकाल लागला, दोघंही पास झाली, आणि कंदी पेढ्यांचा पहिला पुडा अर्थातच वर आला. ऋतुजा सांगलीला गेली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सकाळीच दार वाजलं. हवालदार इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन उभे. "बाई, सांगलीला विनाथांबा गाडी कवा हाय, जरा फोनवर बघा की."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "विनाथांबा? तुम्ही?"

"काल फोनवर रडली पोरगी. करमत न्हाई म्हनली. आज मधलं कायबी नको, बाई. थेट सांगली."

मी वेळ सांगितली आणि ते घाईघाईने निघाले. चौतीस वर्षं मी मुलांना थेट उत्तरावर पोचायला शिकवलं, आणि सगळ्यात हट्टी विद्यार्थ्यालाही शेवटी ते आलं. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र गॅलरीत उभी राहिले, आणि ते फाटकातून बाहेर पडून दिसेनासे झाले तरी मला डोळे पुसावे लागत होते.