दारापर्यंतचा खेळ

कामशेतला मिक्सर दुरुस्तीला टाकला होता. तो होईपर्यंत बसा म्हणून दुकानदाराने टीव्हीवर जुना व्हिडिओ गेम लावला. कॅसेट शर्टाच्या टोकाने पुसली आणि रिमोट माझ्या हातात दिला. गेम त्याने स्वतः बनवलेला होता. त्यात मारामारी नव्हती, पॉइंट नव्हते. पवना धरणात बुडालेलं त्याच्या घरच्यांचं गाव होतं आणि बोटभर उंचीचा एक माणूस विहिरीवरून, चिंचेखालून घराकडे चालत होता.

“आबांसाठी केलता, वडलांसाठी,” तो म्हणाला. “त्यांची बोटं लय राठ, मोबाईलवर चालायची न्हाईत. ही बटणं दाबता यायची. ते सांगायचे, तसं मी एकेक घर उभं करायचो.”

मी त्या माणसाला दारापर्यंत नेलं. दार काही उघडेना.

“मेमरी संपली वाटतं?” मी उगाच शहाणपणा केला.

“न्हाई, जागा हाय की. आत कुटं काय होतं, ते सांगायच्या आधीच आबा गेलं.”

मिक्सर झाला. मी रिमोट खाली ठेवला. त्याने तो उचलला, त्या माणसाला दारातून मागे फिरवून चिंचेच्या सावलीत आणलं आणि मगच टीव्ही बंद केला.

“दारात ताटकळत ठिवू नये कुणाला,” तो म्हणाला.