सर्व्हिस आर्किटेक्चरचं मूळ गाव शिरोली

फौंड्रीच्या मागं जळकी वाळू साचत जाते. मुद्दाम कुणी ढीग घालत नाही, पण दहा वर्षांनी बघावं तर टेकडी झालेली असते. आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हल्लीची पोरं मला 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर', म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी निरोपानिरोपीनं एकत्र काम कसं करायचं, ते समजावायला येतात. मी ऐकून घेतो आणि म्हणतो, "बसा, चहा सांगा. ते कुठं जन्माला आलं ते मी सांगतो!"

खोटं वाटलं तर निम्मं सोडून द्या. निम्मं तरी खरं आहेच.

*

नव्वदच्या दशकाची अखेर. ऑफिसात आम्ही दोघंच. मी आणि कळंब्याचा विलास कांबळे. डोकं त्याचं, तोंड माझं. गिऱ्हाईकही एकच, फौंड्रीचे मालक पाटीलसाहेब.

फौंड्रीत तीन कॉम्प्युटर होते. एक स्टोअरला, एक भट्टीला, एक डिस्पॅचला. तिघांचे प्रोग्रॅम तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेले, त्यातला एक तर दुबईला गेलेला. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. आणि परदेशी गिऱ्हाईक तपासणीला येणार होतं. त्याची अट अशी, की कुठलंही कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, उचललं तरी ते कुठल्या वाळूत, कुठल्या दिवशी, लोखंडाच्या कुठल्या रसातून ओतलं, हे पाच मिनिटांत एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे.

"न्हाय दिसलं तर माझी ऑर्डर गेली," पाटीलसाहेब म्हणाले, "आनि तुमचं शटर!"

"तिन्ही प्रोग्रॅम नव्यानं लिहू," विलास म्हणाला.

"पळत्या गाडीची चाकं बदलतोस व्हय रं? तिन्हीला हात लावायचा न्हाय!"

आम्ही तोंड पाडून स्टोअरमध्ये जाऊन बसलो. तिथले स्टोअरकीपर दत्तूमामा, मूळचे गारगोटीचे. भट्टीवरच्या निपाणीकडच्या माणसांशी कानडी, डिस्पॅचच्या भैय्याशी हिंदी आणि ट्रकवाल्याला कोल्हापुरी शिवी, सगळं एका दमात! मामा मधे असल्यावर कुणालाच दुसऱ्याची भाषा शिकावी लागत नव्हती.

विलासनं माझा दंड दाबला. "तिघांना हातच लावायचा न्हाय. मधे एक मामा बसवायचा!"

बसवला. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्रॅम, फाइलचं नावच 'मामा' ठेवलं. पुस्तकात ह्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात, हे आम्हाला फार पुढं कळलं.

*

मामांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात एक उभा खिळा होता. मागणीची चिठ्ठी आणायची, खिळ्यात खुपसायची आणि आपल्या कामाला जायचं. मामा जेवायला गेले असले तरी कुणी ताटकळायचं नाही. आम्ही तेही उचललं. एका कॉम्प्युटरनं निरोप टाकायचा आणि उत्तरासाठी खोळंबून राहायचं नाही.

सोमवारी मोठ्या थाटात चालू केलं. शनिवारी भट्टीवाला पळत आला. सोमवारची मागणी अजून पोचलीच नव्हती! नवी चिठ्ठी वर, जुनी तळाला, आणि आमचा प्रोग्रॅम आपला वरचीच उचलतोय!

मामा पोट धरून हसले. "आरं, मी आलो की आख्खा गठ्ठा काढून पालथा घालतो, मग हात लावतो. ते बघितलं न्हाई व्हय?"

"न्हाय की मामा."

"कसं बघशीला? तवा तुमीबी जेवायलाच गेलता!"

*

शिरोलीत लाइट गेली की निरोप अर्ध्या वाटेत. पोचला का मेला, कळायला मार्ग नाही. विलासनं नियम केला, उत्तर आलं नाही की तोच निरोप परत पाठवायचा. एका दुपारी एक ट्रक वाळूची मागणी जाताना लाइट सहा वेळा गेली.

दुसऱ्या दिवशी गेटवर वाळूचे सात ट्रक! ओळीनं उभे, सातही हॉर्न वाजवतायत.

"पंचगंगा बुजवायची हाय व्हय?" पाटीलसाहेब गरजले.

मामा मात्र गार. "माझ्याकडं एकच चिठ्ठी दोनदोनदा येतीच की. मी नंबर बघतो. दिलेलं असलं तर 'दिलंय' म्हनतो. रागवत न्हाय."

त्या दिवसापासून आमच्या एकेका निरोपाला नंबर लागला. सहा ट्रक परत पाठवायचं काम मात्र विलासनं माझ्यावर टाकलं. तोंड माझं ना!

*

भट्टीचा कॉम्प्युटर उष्म्यानं मधेच गपगार व्हायचा. मग परत पाठवायच्या नियमानं स्टोअरचा त्याला हाका मारत बसायचा, डिस्पॅचचा स्टोअरच्या नावानं. एक झोपला की तिघं आडवे!

मामांचा इंटरकॉम बघितला. भट्टीला तीनदा घंटी द्यायची. नाही उचलला तर रिसीव्हर खाली, आणि पुढं येईल त्याला एकच उत्तर, "भट्टी गप हाय. चहा झाल्यावर इचारू."

"आणि तोवर, मामा?"

"तोवर बाकीची कामं मेली व्हय?"

पुढं जगानं ह्याला सर्किट ब्रेकर म्हटलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव होतं 'चहा'.

*

तपासणी जवळ आली तशी पाटीलसाहेबांना धडकी भरली. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणवला. बगलेत जाड पुस्तक.

"ह्याला डिझाइन पॅटर्न म्हणतात," तो म्हणाला. "कल्पना मुळात सॉफ्टवेअरची नाहीच. ती घरं आणि गावं बांधणाऱ्या एका आर्किटेक्टची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्या युक्तीनं अडचण सोडवतात, तिला फक्त नाव द्यायचं."

"म्हंजे गवंड्याची अक्कल!" मामा म्हणाले.

मग त्यानं आमचा प्रोग्रॅम उघडला. पाऊण तास एकेक ओळ वाचली. शेवटी पुस्तक पिशवीत घालून विचारलं, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

विलासनं बोट दाखवलं. मामा वॉशरच्या पुड्या बांधत होते.

*

तपासणीचा दिवस. परदेशी पाहुण्यानं ढिगातून स्वतःच्या हातानं एक कास्टिंग उचललं. विलासनं नंबर टाकला. मी श्वास धरला.

मी श्वास सोडायच्या आत वाळू, तारीख, रस, सगळं स्क्रीनवर!

पाहुणा इतका खूश झाला, की त्यानं बॅगेतून स्वतःच्या कंपनीच्या नव्या सिस्टीमचा नकाशा काढून स्टोअरच्या टेबलावर पसरला. चौकोनच चौकोन, बाणच बाण. पुण्याचा सल्लागार दुभाष्या झाला. मामांनी कानावरची लाल पेन्सिल काढून एका चौकोनावर टेकवली.

"ह्यो काय करतोय?"

"तो निरोप घेतो आणि पुढच्याला देतो."

"आनि?"

"आणि काही नाही."

"मग पावणं, ह्येला ठिवलाय कशाला?" म्हणत मामांनी फुली मारली. कचकन!

पाटीलसाहेबांचा चेहरा कोऱ्या वाळूसारखा पांढरा. पाहुण्यानं नकाशाची घडी घातली, मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. ऑर्डरबद्दल चकार शब्द नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही शटर रोज हळूच उघडत होतो.

मग फॅक्स आला. पहिल्या पानावर ऑर्डर, तीही तीन वर्षांची! फौंड्रीत नुसता दंगा. पाटीलसाहेबांनी विलासला उचलून गोल फिरवला.

दुसऱ्या पानावर तोच नकाशा, नव्यानं काढलेला. मामांनी फुली मारलेला चौकोन गायब.

पाटीलसाहेब ते पान स्वतः स्टोअरमध्ये घेऊन गेले. मामांनी चष्मा चढवला. एकेका बाणावरून बोट फिरवत पार शेवटापर्यंत गेले आणि पेन्सिल काढली.

"अजून एक जास्तीच हाय की!"